यंदाचं साल यादीत नाही

पिल्लाच्या सकाळच्या झोपेची चाळीस मिनिटं ही त्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू होती. एकेचाळिसावं मिनिट आजवर कोणी पाहिलेलं नव्हतं. त्या चाळीस मिनिटांत आंघोळ उरकायची, की जेवून घ्यायचं, की नुसतं भिंतीकडे बघत बसायचं, हे ती रोज नव्याने ठरवायची आणि ठरवण्यातच पाच मिनिटं जायची. शिवाय मधूनमधून पाळण्यात वाकून पिल्लाचं पोट वरखाली होतंय ना ते बघायचं. होतच असायचं. तरी बघायचं.

आज मात्र ठरवण्यासारखं काही नव्हतं. आज पाळणाघराचा अर्ज. सोमवारी पाच महिन्यांची रजा संपून ती ऑफिसात रुजू होणार होती, आज गुरुवार होता आणि अर्ज संध्याकाळी पाचला बंद होणार होते. इतके दिवस काय केलं म्हणाल, तर पाळणाघरं बघितली. चार बघून नाकारली. एकाच्या खिडकीची कडी सैल होती, एका ठिकाणी मावशी बाळाशी बोलताना फोनकडे बघत होत्या, तिसऱ्यात सगळं इतकं छान होतं की तिला संशयच आला. चौथ्याचं कारण तिलाही सांगता येईना. पाचवं काल दुपारी पसंत पडलं. ओळीने दहा पाळणे, धुतलेल्या दुपट्यांचा वास आणि खिडकीच्या कड्या घट्ट. तिने सगळ्या हलवून पाहिल्या होत्या.

लॅपटॉप मांडीवर घेऊन ती भराभर भरत सुटली. बाळाचं नाव, आईचं नाव, वडलांचं, रक्तगट, कशाकशाची ॲलर्जी. मग जन्मतारीख. रकान्यात टिचकी मारली तसं छोटंसं कॅलेंडर उघडलं. दिवस निवडला. महिना निवडला. साल निवडायला यादी खाली ओढली, ओढत ओढत तळाशी नेली, आणि तिथे गेलं साल होतं.

यंदाचं नव्हतंच.

तिने पान पुन्हा उघडलं. फोनवरून पाहिलं. यादी तिथेही गेल्या सालापाशी संपत होती, जणू त्यानंतर जगात कोणी जन्माला यायचं राहिलंच होतं.

"आई," तिने दबक्या आवाजात सासूबाईंना हाक मारली, "पिल्लू कधी झालं?"

"विसरलीस?" सासूबाई दारात आल्या. "मार्चच्या अकराला, पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी. सातशे त्र्याण्णव नंबरची नोंद."

सासूबाईंनी बत्तीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत काढली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी कोणी तान्हं दिसलं की 'किती गोड' म्हणायच्या आधी 'दाखला काढलात का?' विचारायच्या.

तिने नवऱ्याला ऑफिसात फोन लावला. तो म्हणाला, "अगं, गेलं साल टाक आणि मोकळी हो. नंतर सांगू चुकून झालं."

फोन स्पीकरवर होता, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"खबरदार!" सासूबाई कडाडल्या, आणि लगेच पाळण्याकडे बघत आवाज खाली आणला. "एकदा चुकीचं साल लागलं की ते माणसाच्या मागे लागतं. साठीला आलेली माणसं रडायची माझ्या खिडकीपाशी. नातीचं वय वाढवायला निघालाय!"

"आई, मी आपलं सुचवलं," नवरा म्हणाला आणि त्याला अचानक मीटिंग आठवली.

मग तिने पाळणाघराच्या कचेरीत फोन केला. तिथल्या कारकुनाने अर्धवट ऐकूनच उत्तर दिलं, "तुमचा फोन जुना असेल, मॅडम. दुसऱ्या फोनवरून बघा. सगळ्यांना तेच सांगतोय."

"सगळ्यांना म्हणजे?"

पण त्याने ठेवला होता.

आता तिची जुनी खोड जागी झाली. काही माणसं दुसऱ्याच्या घरी गेली की हळूच कपाटं उघडून बघतात ना, तशी ती कुठल्याही संकेतस्थळावर गेली की पानाचा सोर्स, म्हणजे पडद्यामागचा कोड, उघडून बघायची. तिला संकेतस्थळं बांधायचं हे काम आलंच मुळी त्या वाटेने. कॉलेजात असताना एखादं बटण आवडलं, की ते कसं केलंय ते उघडून वाचायचं, उतरवून घ्यायचं, मोडायचं, पुन्हा जोडायचं. कोणी 'हात लावू नको' म्हणायचं नाही. उलट कुठल्या कुठली अनोळखी माणसं आपलं काम उघड्यावर मांडून ठेवायची आणि वर लिहायची, घ्या, वापरा, चुकलं तर सांगा. इतका भाबडा मामला दुसऱ्या कुठल्या धंद्यात तिने पाहिला नव्हता.

पाळणाघराचं पान उघडून ती ओळी खाली सरकवत गेली आणि एका ओळीवर थांबली. कॅलेंडर त्यांचं स्वतःचं नव्हतं. बाहेरून आणून लावलेलं होतं. नाव: टिचकी. लेखिका: टिचकीवाली.

"अगं बाई," ती म्हणाली.

"काय झालं?"

"कोणीतरी मूर्खपणा केलाय."

"कोणी?"

"सांगते. जरा खात्री करू दे."

खात्री कसली करणार? टिचकीवाली तीच होती.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, क्रीडास्पर्धेच्या नावनोंदणीसाठी तिने ते कॅलेंडर केलं होतं. तेव्हा ब्राउझर तीन आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. एकात तारीख दिसायची, दुसऱ्यात नुसती मोकळी पेटी, तिसऱ्यात पानच वेडंवाकडं व्हायचं. तिने सहाशे चाळीस ओळी लिहून तिघांना एका माळेत ओवलं. मैत्रिणी म्हणाल्या झकास झालंय, म्हणून तिने ते सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, घरं दोनदा बदलली, आणि टिचकी आपली आपण पसरत गेली. कुठल्या दवाखान्याने घेतली, कुठल्या बसकंपनीने, कुठल्या ग्रंथालयाने. बारा हजार ठिकाणी आहे असं मागे कधीतरी दिसलं होतं. तेव्हा तिला आनंद झाला होता आणि पाठोपाठ धास्तीही वाटली होती.

आणि सालांची यादी? शहाण्या माणसाने चालू साल संगणकालाच विचारलं असतं. पण कॉलेजच्या लॅबमधल्या अर्ध्या संगणकांचे आतले सेल मेलेले होते. ती मशीनं रोज सकाळी वीस वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीला जागी व्हायची. त्यांना काय साल विचारणार, कप्पाळ! म्हणून तिने सालं सरळ हाताने लिहिली होती, पुढची दहा धरून. शेजारी टीप होती: 'दहा पुरे. तोवर कोण कुठे आणि मी कुठे!'

ती तिथेच होती. मांडीवर लॅपटॉप, खांद्यावर ओकारीचा डाग. आणि एकविसाव्या वर्षी जे साल तिने अनंतकाळापलीकडे ढकललं होतं, त्याच सालची मुलगी हाताच्या अंतरावर झोपलेली.

टिचकीच्या पानावर न वाचलेले दोनशे चौदा निरोप होते. सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाई 'टेन्शन घेऊ नका' म्हणाल्या, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच कोणाचं तरी ऐकून तिने फोनवर येणाऱ्या सगळ्या सूचना बंद करून टाकल्या होत्या. आता एकेक उघडताना तिचे कान तापायला लागले.

'आमचं बाळ तुमच्या मते अजून जन्मलेलंच नाही. रात्री रडतं कोण मग?'

'लशीच्या नोंदणीत मुलाला एक वर्षाने मोठा दाखवावा लागला. आता नर्स विचारते, हा अजून बसत कसा नाही.'

'जुळी आहेत. दोन्ही नाहीत.'

त्यांच्याही खाली एक वाचलेला जुना निरोप होता, तीन वर्षांपूर्वीचा, कासवाचा. कासव म्हणजे कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बाई की बुवा, म्हातारं की तरुण, काही नाही. चित्रात कासव, नाव कासव. पण टिचकीत कुठे काही मोडलं की ते न बोलावता यायचं, दुरुस्त करायचं आणि जायचं. त्याने लिहिलं होतं, 'यादी तीन वर्षांनी संपते. त्यानंतर जन्मणाऱ्यांचं काय?'

आणि खाली तिचं उत्तर होतं: 'जन्मू तर देत!' पुढे हसरं तोंड.

ते हसरं तोंड बघून तिला स्वतःच्याच थोबाडीत एक ठेवून द्यावीशी वाटली.

यंदाच्या दोन जानेवारीला, पहिली तक्रार आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, कासवाने तयार दुरुस्ती पाठवून ठेवली होती. तिने फक्त 'स्वीकारा'चं बटण दाबायचं होतं. खाली एक ओळ: 'घाई नाही. म्हणजे बाळांना आहे, तुम्हाला नको.' सात महिने झाले होते.

तिने दुरुस्ती उघडली. कासवाने साल वाढवलं नव्हतं. कासवाने सगळंच काढून टाकलं होतं. सहाशे चाळीस ओळी लाल, म्हणजे बाद. हिरवी, म्हणजे नवी, एकच ओळ. ती ओळ ब्राउझरला एवढंच सांगत होती की हा रकाना तारखेचा आहे, पुढचं तू बघ.

तिने घाईघाईने लिहिलं, 'माफ करा, फार उशीर झाला. फक्त पुढची दहा सालं वाढवली तर? दोन मिनिटांचं काम आहे.'

उत्तर इतक्या चटकन आलं, की ते कासव नावाला शोभेना. 'चालेल. मग दहा वर्षांनी पुन्हा भेटू.'

ती ओठ चावत बसली. कासवाने आणखी लिहिलं, 'तेव्हा ब्राउझरांना कॅलेंडर दाखवता येत नव्हतं, म्हणून टिचकी लागली. आता सगळ्यांना येतं, आणि आंधळ्या माणसालासुद्धा वापरता येईल असं येतं. टिचकीला ते कधीच जमलं नाही. तुम्हीच त्यांना शिकवलंत असं समजा.'

'आणि कुठे काही मोडलं तर?'

'त्रेचाळीस ठिकाणी तपासून झालंय. यादी जोडली आहे. तुम्ही विचारणार हे माहीत होतं.'

हेही खरं होतं. त्या त्रेचाळीसमधली नऊ तिने तरीही स्वतः तपासली. शिवाय सासूबाईंच्या फोनवर, आपल्या फोनवर आणि कपाटातल्या काच तडकलेल्या जुन्या फोनवर. सगळीकडे ब्राउझरचं आपलं नीटस कॅलेंडर उघडलं आणि त्यात यंदाचं साल मुकाट्याने बसलेलं होतं, कुठे गेलंच नव्हतं अशा थाटात. पाळण्यात कुरकुर सुरू झाली. अडतिसावं मिनिट. तिने शेवटचं एकदा आपल्या त्या लाल ओळींवरून बोट फिरवलं, त्यातली एक टीप तिने परीक्षेच्या आदल्या दिवशी लिहिली होती, एक प्रेमात असताना, आणि 'स्वीकारा' दाबलं.

नवी आवृत्ती निघाली. पिल्लू रडायला लागलं. सुटले, असं वाटून तिने अर्ज उघडला. यादी अजून गेल्या सालापाशीच होती.

आणि मग तिला आठवलं. बारा हजार ठिकाणी दर वेळी नवी प्रत कोण आणणार, म्हणून वाटेतले सर्व्हर आपल्याकडे जुनी प्रत ठेवून घेतात आणि दिवसातून एकदाच ताजी आणतात. ती उद्या सकाळी आठच्या सुमारास येणार होती. अर्ज आज पाचला बंद.

"आई, मला पाळणाघरात जायला लागेल. आत्ता. कबूल करायला."

सासूबाईंनी चप्पल आधीच घातली होती. "चल. मीही येते. कबुलीला साक्षीदार लागतो."

पाळणाघराच्या बाई बाळांच्या खोलीत होत्या. हातात मोजपट्टी, कानावर पेन्सिल, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. दहाच्या दहा पाळणे त्यांनी भिंतीला लावून ठेवले होते.

"या, काल येऊन गेलात ना तुम्ही? खिडक्या हलवून?" बाई म्हणाल्या. "थोडं उशिराच सांगतेय. ही खोली यंदा आम्ही बंद करतोय. चित्रकलेची टेबलं टाकणार. पाळणे सोमवारी माळ्यावर."

"का?" तिचा आवाज चिरकला.

"बाळंच नाहीत. एकही अर्ज नाही. मोठ्या मुलांचे ढीगभर आहेत, पण यंदा जन्मलेलं एकही नाही. मला तर काळजीच वाटायला लागली लोकांची."

मागे सासूबाई खाकरल्या. तिने पिल्लू एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं. लॅब, मेलेले सेल, हाताने लिहिलेली सालं, सगळं. बाई मोजपट्टी गुंडाळत ऐकत होत्या.

"म्हणजे ते कॅलेंडर तुम्ही केलंत?"

"हो."

"आमच्यासाठी?"

"नाही. कोणासाठीच नाही. म्हणजे सगळ्यांसाठी. फुकट ठेवलं होतं, कोणीही घ्यावं म्हणून."

"आणि आमच्या संकेतस्थळवाल्याने घेतलं."

"हो."

"तुम्हाला न विचारता?"

"विचारायचं नसतंच त्यात. तीच तर त्यातली…"

"मग आता रागवायचं कोणी कोणाला?" बाईंनी खरोखरच अडचणीत पडून विचारलं.

"ते मी घरी बघते," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी कारकुनाला हाक मारली. तो वही घेऊन आला. साल दिसत नाही म्हणून फोन केलेल्या पालकांची नावं त्यात होती, एकतीस. सगळ्यांना त्याने फोन जुना असल्याचं सांगितलं होतं.

"एक जण नवीन घेऊन आला," तो खाली बघत म्हणाला. "त्यातही दिसेना. मग म्हटलं, नेटवर्क असेल."

ती धीर करून म्हणाली, "बाई, आमचा अर्ज कागदावर घ्याल का?"

"कागद नाही." बाईंनी मान हलवली. "कागद होता तेव्हा लोक घरी यायचे, मामांची ओळख सांगायचे, पाहुणे धाडायचे. म्हणून तर सगळं संकेतस्थळावर नेलं. येईल त्या क्रमाने, पहिले दहा. माझा सख्खा नातू आला तरी रांगेत." मग त्यांनी मोजपट्टी खिशात टाकली. "पण मुदत वाढवते. उद्या दुपारी बारा. एकतीसही घरांना आत्ता निरोप जाईल, सकाळी आठनंतर भरा म्हणून. आठला उघडेल ना? छातीठोक सांगा."

"उघडेल," ती म्हणाली. छातीत मात्र ठोके वेगळेच पडत होते.

बाबागाडी ढकलत परत येताना तिच्या डोक्यात एकच आकडा फिरत होता. एकतीस आणि आपण एक, बत्तीस. पाळणे दहा. काल संध्याकाळी तिच्या मनात ती जागा जवळजवळ पक्की होती.

"गप्प बसले असते तर?" ती म्हणाली.

"तर चित्रकलेची टेबलं," सासूबाई म्हणाल्या. "चाक सांभाळ, खड्डा आहे."

संध्याकाळी सहाला नवरा आला तेव्हा ती लॅपटॉपसमोर अगदी ताठ बसली होती. पडद्यावर अर्ज पूर्ण भरलेला होता. जन्मतारखेसकट, यंदाच्या सालासकट.

"अरे वा! उघडलं?"

"नाही. फक्त माझ्या मशीनवर. मी जुनी प्रत अडवून आपली नवी घुसवली इथल्या इथे. बाकी कोणाला उद्याशिवाय दिसणार नाही."

"म्हणजे आत्ता पाठवला तर आपण पहिले?" तो बाजूला येऊन बसला. "दाब मग. वाट कसली बघतेस?"

ती बटणाकडे बघत होती. बोट कधीचं तिथेच होतं. सोमवार चार दिवसांवर होता. दुसरं पाळणाघर म्हणजे पुन्हा सैल कड्या, पुन्हा फोनकडे बघणाऱ्या मावशी. रजा वाढवून मागावी तर साहेबीणबाईंनी आधीच एकदा गोड बोलून नकार दिला होता. आणि ही चोरी थोडीच होती? अर्ज खरा, तारीख खरी, मूल खरं.

"अगं, कोणाला कळणार आहे?"

"तेच ना," ती म्हणाली. "बत्तीस जणांना बाहेर ठेवून दार मी लावलं. आता मीच तेवढी परसदाराने आत शिरू?"

"एकतीस. बत्तिसावे आपण."

"तू बाजू कोणाची घेतोयस?"

"पिल्लाची," तो म्हणाला. तिने तरीही झाकण मिटलं. मिटल्या मिटल्या पस्तावली. तिने ते दोनदा उघडलं, दोनदा मिटलं, आणि शेवटी लॅपटॉप कपाटात ठेवून किल्ली नवऱ्याकडे दिली. त्याने ती कुठे ठेवली ते लगेच विसरला, ही गोष्ट वेगळी.

शुक्रवारी सकाळी आठ वाजून सहा मिनिटांनी तिच्या फोनवर नवं कॅलेंडर उघडलं. यंदाचं साल होतं. तिने आनंदाने पहिलं अक्षर टाईप केलं आणि फोन वाजला.

"तुम्हीच ना त्या कॅलेंडरवाल्या?" कोणा बाळाचे वडील होते. मागे बाळ टाहो फोडत होतं. "बाईंनी नंबर दिला. काही अडलं तर यांनाच विचारा म्हणाल्या."

बाईंनी तिचा नंबर एकतीस घरांना वाटला होता.

"मला अजून जुनंच दिसतंय हो. आणि हिची आई बाहेरगावी आहे, आणि ही बाटली घेत नाहीये, आणि मी…" त्यांचा आवाज भरून आला.

ती आधी म्हणाली, "बाटलीचं दूध जरा कोमट करा आणि तिला आडवी नका धरू, थोडी उभी धरा." मग म्हणाली, "आता फोनच्या सेटिंगमध्ये जा."

त्यांना सेटिंग सापडेना. सापडलं तर ब्राउझर सापडेना. साठवलेली जुनी पानं पुसायच्या ऐवजी त्यांनी फोनच बंद केला. मग चालू करून पुन्हा तिला लावला. एवढ्यात तिच्या मांडीवरच्या पिल्लाने असा काही पराक्रम केला की दुपटं, झबलं आणि तिचा गाऊन तिन्ही एकदम धुण्यात गेले. खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून, पिल्लाचे पाय एका हातात पकडून ती सांगत होती, "'पुसा' म्हणा. हो. घाबरू नका, फोटो जात नाहीत. आता पान पुन्हा उघडा."

"आलं! आलं हो! थांबा, भरतो. तुम्ही फोनवर राहा हं, ठेवू नका."

तिने ठेवला नाही. ते प्रत्येक रकाना मोठ्याने वाचत होते. तिला रक्तगटापाशी ओरडावंसं वाटलं. ओरडली नाही.

"गेला!" ते म्हणाले. "क्रमांक दहा. म्हणजे मिळाला ना? दहा पाळणे ना? देव भलं करो तुमचं!"

तिने ओल्या हाताने अर्ज उघडला. पडद्यावर एकच ओळ होती. सर्व जागा भरल्या आहेत.

ती जमिनीवर बसली. पिल्लू उघडंच, पाय हवेत मारत तिच्याकडे बघून हसत होतं. रडू तर येत होतं, पण वेळ नव्हता. लंगोट बांधायचा होता. दहावा पाळणा तिने आपल्या तोंडाने, रकान्यामागून रकाना सांगत, दुसऱ्याला दिला होता. आणि राग कोणावर काढायचा, तर तो माणूसही चांगला निघाला.

"आई," तिने हाक मारली. "गेली जागा."

"कोणाची?" आतल्या खोलीतून आवाज आला.

"आपली. दहा भरले."

सासूबाई बाहेर आल्या. चष्मा कपाळावर, हातात आपला फोन, काखेत जन्मदाखल्याची फाईल.

"दहा भरणारच. सहा वाजल्यापासून बसलेय त्या पानासमोर. दर पाच मिनिटांनी उघडून बघत होते." त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. "आपण चौथ्या. तिसऱ्या लागलो असतो, पण तुम्ही यंत्र नाही ना, मग वाहतुकीचे दिवे असलेले चौकोन निवडा म्हणाला तो अर्ज, आणि एका चौकोनात दिव्याचा नुसता खांबच. तो धरायचा की नाही?"

तिने फोन हातात घेतला. पिल्लाचं नाव. मार्चची अकरा. यंदाचं साल. क्रमांक चार, प्रवेश निश्चित.

"मला सांगायचं नाही का!"

"तू फोनवर होतीस. कामात असलेल्या माणसाला मध्येच बोलत नाहीत."

मग ती रडली, आणि हसलीही, आणि पिल्लाने त्या संधीचा फायदा घेऊन दुसरंही दुपटं ओलं केलं. डोळे पुसत तिने खालची सूचना वाचली. एकदा वाचली. पुन्हा वाचली. 'सोमवारी सकाळी नऊ वाजता बाळाला घेऊन यावे. निरोप घेताना पालकांनी पाच मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नये.'

"पाच मिनिटं?" ती म्हणाली. "पाच मिनिटांत काय होतं?"

"नऊला पाच कमी असताना पोचायचं," सासूबाई फाईल मिटत म्हणाल्या. "म्हणजे दहा होतात."